सिस्टरचा नोंदणी क्रमांक आणि तिचं मत

दरवर्षी १२ मे आला की वसई, नालासोपारा, विरारच्या नर्सिंग होमच्या दारात फुगे लागतात. परिचारिका दिन. केक कापला जातो, मालक डॉक्टर दोन शब्द बोलतात आणि त्या दोन शब्दांत सेवा, त्याग, ममता हे तीन शब्द हमखास येतात. पगार हा शब्द येत नाही. ड्युटीचे तास येत नाहीत. नाइटिंगेलबाईंच्या कर्तृत्वाबद्दल मला आदरच आहे, पण ज्या महाराष्ट्रात सावित्रीमाईंनी १८९७च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं आणि त्याच संसर्गानं १० मार्चला प्राण सोडला, त्या महाराष्ट्रात परिचर्येचा विषय निघाला की सावित्रीमाई कुणाला आठवत नाहीत, हे मात्र खटकतं. असो. केकशी माझं भांडण नाही, खाऊ द्या मुलींना.

माझे प्रश्न दोनच आहेत. परिचारिका कोण, हे कोण ठरवतं? आणि परिचारिकेच्या वतीनं कोण बोलतं? पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. त्यासाठी कायदा आहे, परिषद आहे, नोंदवही आहे, क्रमांक आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. हा प्रश्न नर्सिंगवाल्यांचा आहे, आपला काय संबंध, असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्यानं आधी आपल्या वस्तीत फिरून मोजावं. तुळिंज, आचोळे, संतोष भुवन, धानीव बाग, पेल्हार इथल्या किती घरांतल्या मुली संध्याकाळी सातला डबा घेऊन नाइट ड्युटीला निघतात ते मोजावं. मग संबंध कळेल.

आधी कायदा थोडक्यात. मुंबई प्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली आला. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७चा. महाराष्ट्रात सध्याची चौकट महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ची, आणि तो राबवणारी महाराष्ट्र परिचर्या परिषद मुंबईत बसते. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीनं परिषदेकडे नाव नोंदवायचं, क्रमांक घ्यायचा, मुदत संपली की नूतनीकरण करायचं. नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. हे सगळं योग्यच आहे. आपल्या आईच्या शिरेत सुई टोचणारा हात शिकलेला असावा, असं कुणाला वाटणार नाही?

पण या परिषदांची रचना नीट बघा. १९४७च्या केंद्रीय कायद्यात राज्य परिषदांनी निवडून दिलेल्या परिचारिकांना जागा होत्या. त्याच कायद्यात डॉक्टरांच्या संघटनेला, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनला एक जागा होती आणि १९०८पासून काम करणाऱ्या परिचारिकांच्या अखिल भारतीय संघटनेला, टीएनएआयला, तीही एकच. परिषद परिचारिकांची, आणि संघटनांच्या वाट्यात डॉक्टर व परिचारिका बरोबरीत! याउलट डॉक्टरांच्या परिषदेत परिचारिकांच्या संघटनेला जागा द्या, असं कुणी म्हटलं असतं तर काय गहजब झाला असता, याची कल्पना करून बघा.

तरीही त्या रचनेत निवडणूक नावाची गोष्ट होती. २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आणि १९४७चा कायदा मोडीत काढायचं ठरलं. नव्या रचनेत २९ जणांचा राष्ट्रीय आयोग आहे, त्याखाली शिक्षण, मूल्यांकन आणि आचारनीती-नोंदणी अशी तीन मंडळं आहेत, राज्याराज्यांत राज्य आयोग आहेत. राष्ट्रीय आणि राज्य नोंदवही असेल. नोंदणी नसताना परिचारिका म्हणून काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आयोगाचा अध्यक्ष परिचर्येतलाच हवा, ही अट त्यात आहे आणि ती चांगली आहे. पण सदस्य कसे येणार? काही पदसिद्ध, बाकीचे सरकारनं नेमलेले. वसईतल्या सिस्टरनं मत देऊन पाठवलेला एकही माणूस तिथे बसणार नाही.

इथे आंबेडकरी माणसाचे कान टवकारले पाहिजेत. नेमणूक की निवडणूक, हा वाद आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना मांडणी केली ती हीच, की अस्पृश्यांचे हितसंबंध अस्पृश्यांच्याच प्रतिनिधींनी मांडले पाहिजेत, दुसऱ्यानं त्यांच्या वतीनं बोलणं म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारनियुक्त जागांची पद्धत नाकारून प्रौढ मताधिकारासह निवडणुकीची मागणी केली. गंमत म्हणजे त्या वेळी ते स्वतः मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सदस्य होते. नेमलेला माणूस कितीही भला असला तरी तो नेमणाऱ्याला उत्तरदायी असतो, हे त्यांना त्या खुर्चीत बसूनच दिसलं असणार. आपण पोरांना सांगतो की आरक्षण म्हणजे गरिबी हटाव योजना नव्हे, आरक्षण म्हणजे प्रतिनिधित्व. मग ज्या व्यवसायात आपल्या मुली हजारोंनी आहेत, त्याच्या सर्वोच्च संस्थेतून निवडणूक काढून घेतली गेली तेव्हा आपल्या किती मोर्च्यांत त्यावर घोषणा झाली?

परिषदांच्या निवडणुका म्हणजे काही आदर्श लोकशाही होती, असा माझा दावा नाही. अशा निवडणुकांत पॅनेलं लढतात, कॉलेजांचे प्राचार्य आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या वरिष्ठ सिस्टर पुढे असतात. वीस खाटांच्या नर्सिंग होममधल्या मुलीला आपल्याला मत आहे हेच ठाऊक नसतं. मी विचारलं तेव्हा बहुतेकींनी उलट मलाच विचारलं, "कसलं मत, दादा?" नोंदणी क्रमांक मात्र प्रत्येकीला तोंडपाठ होता.

आता आपल्या गावाकडे येऊ. वसई-विरार महापालिका २००९ची, पालघर जिल्हा २०१४चा. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती आणि त्यानंतर ती किती फुगली हे सकाळच्या विरार लोकलमध्ये चढणाऱ्याला सांगायला नको. एवढ्या माणसांसाठी सार्वजनिक रुग्णालयं म्हणजे वसईचं सर डी. एम. पेटिट, तुळिंजचं महापालिकेचं रुग्णालय आणि अशी मोजकीच. आजार मोठा असला की लोकल पकडून मुंबई. मधली सगळी जागा छोट्या खासगी नर्सिंग होमनी भरली आहे. इमारतीचा पहिला मजला, दहा ते तीस खाटा, खाली मेडिकल, बाजूला लॅब. ही नर्सिंग होम चालतात कुणाच्या जिवावर? मोठे डॉक्टर दिवसातून एकदा राउंड घेतात. रात्री एक आरएमओ, बहुतेकदा होमिओपॅथीचा किंवा आयुर्वेदाचा. बाकी चोवीस तास रुग्णाजवळ असते ती सिस्टर आणि तिच्या मदतीला मावशी.

या नावांचाही विचार करण्यासारखा आहे. मावशी, मामा, सिस्टर, ब्रदर. रुग्णालयात राबणारे सगळे नातेवाईक, आणि आडनाव फक्त डॉक्टरांना. नातेवाइकाला कुणी ओव्हरटाइम देतं का? केंद्र सरकारच्या रुग्णालयांत २०१६पासून स्टाफ नर्सला नर्सिंग ऑफिसर म्हणतात. पदनाम बदललं, चांगलं झालं, पण नालासोपाऱ्यातल्या सिस्टरपर्यंत ते ऑफिसरपण अजून पोचलेलं नाही.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव, ठिकाण सांगणार नाही, तिची नोकरी जाईल. वडील बिगारी, आई घरकाम करणारी. शिष्यवृत्तीवर तीन वर्षांचं जीएनएम केलं, परिषदेची नोंदणी केली. नोकरीला लागताना मालकानं मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली, "जपून राहतील" म्हणून. पगार रोख. पावती नाही, नियुक्तीपत्र नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. रात्रीच्या ड्युटीला ती एकटी नोंदणीकृत, सोबत दोन मुली सहा महिन्यांचा कसलासा कोर्स केलेल्या. गणवेश तिघींचा सारखा, नातेवाईक तिघींना सिस्टरच म्हणतात. सलाइनमध्ये चुकीचं काही गेलं तर सही कुणाची? हिची. म्हणजे हिचा क्रमांक हा त्या नर्सिंग होमचा विमा आहे आणि त्याचा हप्ता ही भरते. प्रमाणपत्रं परत मागितली तेव्हा उत्तर मिळालं, "बाँड पुरा कर."

हे फक्त वसईचं दुखणं नाही. ऑक्टोबर २०११मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका बड्या रुग्णालयात केरळहून आलेल्या एका तरुण परिचारिकेनं आत्महत्या केली आणि तिच्या सहकारी परिचारिका संपावर उतरल्या. मागणी काय होती? बाँड रद्द करा, आमची प्रमाणपत्रं परत द्या. त्याच वर्षी केरळात खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी केली आणि त्या आंदोलनांच्या रेट्यामुळे एप्रिल २०१८मध्ये केरळ सरकारला खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी किमान २०,००० रुपये वेतनाची अधिसूचना काढावी लागली. ठिणगी मुंबईतही पडली होती. पण मुंबईत ती विझली, केरळात तिची संघटना झाली.

वीस हजारांचा आकडा केरळनं हवेतून काढलेला नाही. टीएनएआयच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१६मध्ये निर्देश दिल्यानंतर केंद्रानं समिती नेमली. तिनं शिफारस केली की २००पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतकं वेतन द्यावं, १०० ते २०० खाटांत फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर पंचवीस टक्के कमी, आणि ५०च्या खाली कितीही लहान असलं तरी किमान २०,०००. केंद्रानं हे राज्यांकडे पाठवलं. आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होमच्या मालकापुढे आज हा आकडा उच्चारून बघा, तो हसेल. शिफारस ती शिफारस, तिला दात नसतात.

आणि तरीही आपल्या हातात एक कायदा आहे, ज्याकडे आपण ढुंकून पाहिलेलं नाही. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं स्वीकारला नाही, आपल्याकडे १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम चालतो. त्याप्रमाणे महापालिका हद्दीतल्या प्रत्येक नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते. नोंदणी नाकारण्याची जी कारणं कायद्यानं दिली आहेत, त्यात एक स्पष्ट आहे की रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांत अर्हताप्राप्त परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. योग्य प्रमाण! म्हणजे किती? भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि अध्यापन रुग्णालयात तीनमागे एक असं आहे. वसई-विरारच्या नर्सिंग होमना परवाना देताना योग्य प्रमाण नेमकं काय धरलं गेलं, हे विचारायचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. तो कुणी वापरत नाही. ज्या शहरात २०२१ साली बनावट पदवीवर रुग्णालय चालवल्याच्या आरोपाखाली अटक झालेला इसम पूर्वी महापालिकेच्या वैद्यकीय विभागात वरच्या पदावर होता असं उघड झालं, त्या शहरात परिचारिकांची मोजणी कोण काटेकोरपणे करत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

व्यवस्था ढासळते तेव्हा वजन कुणावर पडतं, हे २०२१ या एका वर्षानं दाखवून दिलं. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बालकं गेली. २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग लागली, तेरा कोविड रुग्ण त्याच रात्री गेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा गेले. विरारच्या प्रकरणात व्यवस्थापनातल्या डॉक्टरांना अटक झाली. भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, पण कंत्राटी परिचारिकांची सेवाच संपवली गेली आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नगरमध्ये अटक झाली ती चार स्त्रियांना, एक डॉक्टर आणि तीन परिचारिका. त्या वेळी कक्षात कोण होतं, कुणी कसूर केली, हे न्यायालय ठरवेल, आणि कसूर असेल तर परिचारिका म्हणून कुणाला माफी नको. पण वायरिंग कुणी केलं, अग्निशमन यंत्रणा बसवायची कुणाची जबाबदारी होती, फायर ऑडिटच्या कागदावर काय झालं, यातला एकही निर्णय सिस्टरच्या हातात नव्हता. निर्णय वरच्या मजल्यावर, दोष खालच्या मजल्यावर. निलंबित माणूस पुन्हा रुजू होऊ शकतो, सेवा संपलेली कंत्राटी मुलगी घरी जाते. आपण ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतो ती गावकुसाबाहेरच राहते असं थोडंच आहे. ती हॉस्पिटलच्या ड्युटी चार्टवरही टांगलेली असते.

या कामाकडे कमी लेखून बघण्याची मुळं जातीत आहेत, हे उघड बोललं पाहिजे. गावगाड्यात बाळंतपण करणारी, नाळ कापणारी सुईण बहुतेक करून मांग, महार, न्हावी अशा जातींतली असायची. तिच्या हातानं मूल जन्माला यायचं आणि मग तोच हात विटाळाचा ठरायचा. रक्त, मळ, मूत्र, मृतदेह यांना हात लावणारी माणसं खालची, आणि लांबून नाडी बघणारा वैद्य वरचा. आधुनिक नर्सिंग आलं तेव्हा सवर्ण घरांनी आपल्या मुली पाठवल्या नाहीत, म्हणून बराच काळ हा व्यवसाय ख्रिस्ती मुली आणि परित्यक्ता-विधवांच्या आधारावर चालला. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण तिथे धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्याची थुंकी इतरांना चालत नसे. पगार जास्त असलेलं खातं त्यामुळे आपल्याला बंद होतं. १९२८च्या संपकाळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यावाल्यांपुढे रोखठोक मांडला. दवाखान्यात गणित उलटं आहे. इथे विटाळाचं काम आपल्याला खुलं आहे, बंद आहे ती परिषदेची, प्राचार्यांची, मेट्रनची खुर्ची. फेब्रुवारी १९३८मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू का सांगितले, ते नर्सिंग होमच्या एका रात्रपाळीत समजतं.

"पण ताई, ही तर सेवा आहे" असं म्हणून पगाराचा विषय मिटवणाऱ्यांना उत्तर द्यायला आपल्याकडे आपली परंपरा आहे. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसारानं आजारी, स्वतःच्या मळात पडलेल्या भिक्खूची कथा आहे. इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हातानं धुतलं. बाबासाहेबांनी ही कथा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये घेतली आहे आणि आपण ती विहारात सांगतोही. पुढचा भाग मात्र आपण सहसा सांगत नाही. त्याच ठिकाणी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावं. रुग्णाला काय मानवतं आणि काय नाही हे कळावं. त्यानं लाभाच्या लोभानं नव्हे तर मैत्रीभावानं शुश्रूषा करावी. मळ, मूत्र, वांती उचलताना त्याला किळस येऊ नये. आणि रुग्णाला धीर देणारं बोलता यावं. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणी परिचारकाची पात्रता इतक्या नेमकेपणानं ठरवली होती, आणि त्यात जन्म, जात, लिंग काही नाही, फक्त कौशल्य आणि वृत्ती आहे.

त्यातला तिसरा गुण उचलून मालक म्हणेल, बघा, लोभ नको असंच बुद्धानं सांगितलं. त्याला लगेच पुढचं पान वाचायला द्यावं. तिथे प्रश्न आला आहे की मरण पावलेल्या भिक्खूचं चीवर आणि पात्र कुणाला द्यायचं. उत्तर असं की ज्यानं त्याची शुश्रूषा केली त्याला, आणि तेही संघानं रीतसर ठराव करून. म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याचा हक्क आहे आणि तो मालकाच्या मर्जीनं नव्हे, संघाच्या ठरावानं मिळतो. दर बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर जाणाऱ्या आपल्या बांधवांनी हा विनयनियम एकदा तिथे मोठ्यानं वाचावा, अशी माझी सूचना आहे.

आता आपल्या चळवळीबद्दल. मे २०२२मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोतामार्फत भरतीच्या विरोधात संप केला. खासगी कंपनीनं परिचारिका पुरवायच्या, म्हणजे बिंदुनामावली गेली, आरक्षण गेलं, निवृत्तिवेतन गेलं. सप्टेंबर २०२३मध्ये शासनानं नऊ खासगी संस्थांमार्फत नोकरभरतीचा निर्णय काढला तेव्हा आपले तरुण पेटून उठले, जिल्ह्याजिल्ह्यांत निवेदनं गेली आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द झाला. चांगलंच झालं. पण परिचारिका हेच दीड वर्ष आधी ओरडून सांगत होत्या, तेव्हा त्यांच्या मंडपात निळा झेंडा फारसा दिसला नाही. कारकुनाची, तलाठ्याची जागा गेली की आपल्याला आरक्षण गेल्याचं कळतं, सिस्टरची गेली की तो दवाखान्याचा अंतर्गत मामला वाटतो. याला मी पुरुषी नजर म्हणतो. कुणाला राग आला तर येऊ द्या.

सरकारी परिचारिकांच्या संघटनेलाही एक गोष्ट विनम्रपणे विचारायला हवी. कायम पदांसाठी तुमची लढाई योग्यच आहे, पण नर्सिंग होममधली मुलगी तुमची कोण? ती उद्याची तुमचीच सहकारी आहे. तिला संघटनेबाहेर ठेवलं की सरकारला स्वस्त मनुष्यबळाचा साठा आयताच मिळतो आणि कंत्राटदार तिलाच तुमच्या जागेवर आणून उभी करतो.

एक अडचण मी लपवणार नाही. नोंदणीचा नियम काटेकोर लागू करा म्हटलं, तर पहिला बळी सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या मुलीचा जाईल. तीही आपलीच आहे. कुणी शिकवणीवाल्यानं हजारो रुपये घेऊन तिच्या हातात मान्यता नसलेलं प्रमाणपत्र ठेवलं आहे आणि नव्या कायद्यातला एक वर्षाच्या कैदेचा धाक तिच्या डोक्यावर आहे. म्हणून आपली मागणी नुसती "अनोंदणीकृतांना काढा" अशी असता कामा नये. तिला सहायक म्हणूनच नेमा, सहायकाचा वेगळा गणवेश आणि किमान वेतन द्या, इंजेक्शन-सलाइन तिच्याकडून करून घेऊ नका, आणि मान्यता नसलेले कोर्स विकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, अशी ती असली पाहिजे. शिवाय पालघर आदिवासी जिल्हा आहे. जव्हार-मोखाड्याच्या वारली, कातकरी मुलींना आणि आपल्या वस्त्यांतल्या मुलींना सरकारी एएनएम-जीएनएमच्या पुरेशा जागा जिल्ह्यातच मिळाल्या, तर या दुकानांची गिऱ्हाइकी आपोआप कमी होईल.

कामाची सुरुवात माहिती अधिकारापासून करता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका. १९४९च्या अधिनियमाखाली नोंदलेल्या नर्सिंग होमची यादी, प्रत्येकाच्या मंजूर खाटा, नोंदणी किंवा नूतनीकरणाच्या वेळी दाखवलेल्या अर्हताप्राप्त परिचारिकांची संख्या, त्यांचे क्रमांक परिषदेकडून पडताळले का, शेवटची तपासणी कधी झाली, आणि योग्य प्रमाण ठरवण्याचा निकष काय, एवढंच मागा. परिचारिकांची नावं मागू नका. संख्या मागा. नावं बाहेर आली तर मालक दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घरी बसवेल आणि आपला अर्ज तिच्याच मुळावर येईल. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. आलेले आकडे प्रभागवार फळ्यावर लिहा आणि विहारात रविवारी बैठक लावा, पण बैठक सकाळी दहाला नको. तेव्हा रात्रपाळीच्या मुली झोपलेल्या असतात. दुपारी चारला ठेवा.

त्या बैठकीत भाषणं कमी करून दोन गोष्टी करा. परिषदेची नोंदणी संपलेल्या मुलींचे नूतनीकरणाचे अर्ज तिथेच भरून द्या, कारण क्रमांक जिवंत नसेल तर पुढची कुठलीच लढाई लढता येणार नाही. आणि संघटनेच्या नोंदणीचे फॉर्म सोबत ठेवा. अर्ज सात जणी करू शकतात. त्या उद्योगातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातले जे कमी असतील तेवढे सभासद लागतात. वसईपासून विरारपर्यंत शंभर सिस्टर मिळणं अवघड नाही, एका रात्रीत त्याहून जास्त जणी ड्युटीवर असतात. अध्यक्ष मात्र त्यांच्यातलीच असावी. आपण पुरुष कार्यकर्त्यांनी सतरंज्या घालाव्यात, पाणी आणावं आणि मागच्या रांगेत बसावं.

जय भीम.